बिबच्या मागे फोन नंबर कुणाचा लिहिलाय?

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात तोच जुना गोळा आला. तुमची १६ वर्षांची मुलगी, तिची पहिली हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर), परकं गाव, शनिवारी दुपारी पोचायचं, रविवारी पहाटे धावायचं, रात्री घरी. आणि मध्येच सहज टाकलेलं एक वाक्य: "मीसुद्धा नाव नोंदवलंय, म्हणजे तिला सोबत होईल." तुम्ही विचारलंय एवढंच, की हॉटेल स्टार्टजवळ घ्यावं की फिनिशजवळ. त्याचं उत्तर देतो, पण शेवटी. आधी त्या सहज टाकलेल्या वाक्याबद्दल बोलू द्या.

नवे बूट नकोत, शुक्रवारची झोप शनिवारच्या झोपेपेक्षा जास्त कामाची, हे सगळं तुम्हाला माहीत असणार. वयाची अटही बघितली असेल. (न्यूयॉर्क, लंडन, बर्लिन इथल्या पूर्ण मॅरेथॉनला १८ पूर्ण लागतात; हाफची अट आयोजक आपापली ठरवतात. वय शर्यतीच्या दिवशीचं धरतात की आणखी कुठल्या तारखेचं, ते मात्र नियमात शोधून वाचा.) ते सगळं सोडून देतो.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझी लेक असेच गेलो होतो. ती तेव्हा १६ ची, मी ४७ चा. दोघांची नोंदणी एकाच वेळी, त्यामुळे बिब (छातीवर लावायचा नंबराचा कागद) लागोपाठच्या नंबरांचे. शेवटचा आकडा तिचा ८, माझा ९. रंग एकच, वेव्ह (सुटण्याचा गट) एकच, आणि त्या शर्यतीत बिबवर नावं छापलेली नव्हती. शनिवारी रात्री मी अगदी शहाण्यासारखा बसलो आणि दोन्ही बिबच्या मागची माहिती पेनने भरली: नाव, वय, रक्तगट, औषधांची ऍलर्जी, तातडीचा संपर्क. माझ्या बिबमागे बायकोचा नंबर, लेकीच्या बिबमागे माझा. बापच सोबत आहे, मग आणखी कुणाचा लिहिणार? बिबच्या खालची बॅगेची चिठ्ठी फाडून ज्याची त्याच्या सॅकला बांधली. स्वतःवर खूश होऊन झोपलो.

पहाटे ४ वाजता, तिची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता, मोबाइलच्या उजेडात दोन्ही टी-शर्टना पिना लावल्या. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला कळायला सकाळचे ९ वाजले.

सहाला सुटलो. पहिले ४ किलोमीटर सोबत, मग ती पुढे गेली, कारण ती माझ्यापेक्षा वेगवान आहे. तसं आधी ठरलंही होतं. तेराव्या किलोमीटरच्या आसपास ती शौचालयाच्या रांगेत उभी असताना मी तिच्यापुढे निघून गेलो. हे मला माहीत नाही, तिलाही नाही. मी २ तास ११ मिनिटांत फिनिश केलं. माझ्या हिशेबाने ती तिथे पदक गळ्यात घालून माझी वाट बघत असायला हवी होती. नव्हती.

पाचदहा मिनिटं इकडेतिकडे बघून मी मदतकक्षाच्या टेबलापाशी गेलो. नंबर सांगितला, शेवटी ८ असलेला. तिथल्या बाईंनी स्क्रीन बघून सांगितलं, "आली की ती. दोन तास अकरा." मला आनंद झाला हो! म्हटलं, वा, माझ्या मागोमागच आली, चार पावलं मागे असेल, मी वळून बघितलं नाही एवढंच. माझी स्वतःची वेळ आणि तिची वेळ मिनिटाला मिनिट सारखी कशी, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. २१ किलोमीटरनंतर डोकं कसं चालतं ते धावणाऱ्यांना माहीत आहे.

बिबला चिकटवलेल्या, वेळ नोंदवणाऱ्या चिपचं असं असतं, की तिच्यात बॅटरी नसते. रस्त्यावर अंथरलेल्या मॅटच्या अँटेनातून निघणाऱ्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि स्वतःचा क्रमांक सांगते. छातीवर ती कुणी लावलीय हे तिला कळत नाही, आणि टेबलावर बसलेल्या माणसालाही नाही. स्क्रीनवर 'आली' दिसलं म्हणजे कागदाचा एक तुकडा मॅटवरून गेला, इतकंच.

वीस मिनिटांनी पुन्हा त्याच टेबलावर. "अहो, फिनिश केलंय तिने, असेल इथेच, पोरं फोटो काढत बसतात." मी म्हटलं, वैद्यकीय तंबूत एकदा विचारता का, नाव सांगतो. तर ते त्यांच्याकडे येत नाही म्हणे. मग कुणाकडे येतं? वैद्यकीय विभागाकडे. त्यांना तुमच्या हातातल्या वॉकीटॉकीवरून विचारा ना. "तसं विचारता येत नाही, आत कुणी असेल तर ते स्वतःच घरच्यांना फोन करतात." मी स्वतः तंबूच्या दारापर्यंत गेलो. दारावरच्या मुलाने नंबर विचारला, यादीत बोट फिरवलं आणि मान हलवली. आठवाला नाहीच. त्याचं चुकलं नाही. पण टेबलावरच्यांबद्दल आजही राग आहे. अल्पवयीन मुलगी सापडत नाही म्हणून बाप दुसऱ्यांदा येतो, तेव्हा स्क्रीन सोडून उठायचं असतं. नियम असेल, मान्य. त्या टेबलावर त्या सकाळी चार जणं बसली होती, त्यातलं एक जरी उठलं असतं तरी पुरे होतं.

मग वाटलं, फोन तर घेऊ, तिने कुणाच्या तरी फोनवरून केला असेल. बॅगेज काउंटरला गेलो. तिथल्या पोराने छातीवरचा नंबर वाचला आणि आतून लेकीची सॅक आणून दिली. मी चिडलोच. "ही माझी नाही, माझ्या मुलीची आहे." तो काही बोलला नाही, फक्त माझ्या छातीकडे बोट दाखवलं.

मान खाली घालून उलटा आकडा वाचला. ८. तेव्हा कळलं, की दोन तास अकरा म्हणजे मीच. ती आलेलीच नाही.

माझी सॅक द्यायला तो तयार होईना, कारण नंबर जुळत नव्हता. त्यालाही काय म्हणणार. शेवटी आतल्या माझ्या फोनचं कुलूप उघडून दाखवलं तेव्हा मिळाली. बायकोचे १४ मिस्ड कॉल. आणि त्यांच्यामध्ये एक मेसेज: तुमच्या मुलीचं शर्यत पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन.

घडलं होतं असं. लेकीला सतराव्या किलोमीटरला चक्कर आली, पोटात कळा येत होत्या. ती प्रथमोपचार केंद्रावर बसली. तिथल्यांनी बिब उलटून बघितलं, तर मागे ४७ वर्षांचा पुरुष. आधी त्यांना वाटलं पोरगी दुसऱ्याच्या नंबरवर धावतेय, तेही ऐकून घ्यावं लागलं तिला. वडिलांचा फोन नंबर विचारला, तर आठवेना. एकही नंबर पाठ नाही, सगळे फोनमध्ये, आणि फोन सॅकमध्ये. शेवटी त्यांनी बिबमागच्या नंबरवर फोन लावला. घरी बायकोने उचलला. तिला आठ वाजायच्या आधीच सगळं माहीत होतं: मुलगी शुद्धीवर आहे, रक्तदाब ठीक आहे, गाडीतून फिनिशच्या तंबूत आणतोय. माहीत नव्हतं ते फक्त मला. मी ज्या टेबलासमोर भांडत होतो तिथून शंभर पावलांवरच्या तंबूत ती पडून होती, माझं बिब लावून.

आता हे नीट ऐका, कारण यासाठीच एवढं लिहिलं. नंतर सगळे मला म्हणाले, बिबची अदलाबदल झाली म्हणून घोटाळा झाला. खरंय, रक्तगटही चुकीचा होता, ते आठवलं की अजून घाम फुटतो. पण बिब बरोबर लावलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी माझ्या नंबरवर फोन केला असता. तो फोन बंद सॅकमध्ये, तंबूत, हजार सॅकांखाली वाजत राहिला असता, आणि घरीही कुणाला काही कळलं नसतं. एका चुकीने दुसरी चूक झाकली म्हणून निदान तिच्या आईला तरी कळलं. माझी खरी चूक शनिवारी रात्री झाली होती, भरपूर उजेडात, पूर्ण शुद्धीत. जो माणूस स्वतः धावणार आहे त्याचा नंबर मी तातडीचा संपर्क म्हणून लिहिला.

त्यामुळे माझं मत, पटलं तर घ्या: तिच्या पहिल्या हाफ मॅरेथॉनला तुम्ही धावू नका. कठड्याबाहेर फोन हातात घेऊन उभे राहा. तेही काम कमी दमवणारं नाही. नोंदणीचे पैसे वाया जातात, जाऊ द्यात. अगदी धावायचंच असेल तर दोघांच्याही बिबमागे धावत नसलेल्या तिसऱ्या माणसाचा नंबर, त्या माणसाला शनिवारीच सांगून ठेवा की सकाळी फोन जवळ ठेव, आणि लाइव्ह ट्रॅकिंग असेल तर त्याची लिंकही द्या. तो नंबर मुलीकडून पाठ करून घ्या. पाढ्यासारखा, झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. फिनिशनंतर भेटायची जागा ठरवा. 'फिनिशजवळ' ही जागा नव्हे. बॅगेज काउंटरची डावी बाजू, ही जागा. आणि बिब ज्याचं त्याने लावायचं, दिवा लावून.

आता थोडं अवघड. तुम्ही आई आहात की बाबा ते पोस्टवरून कळलं नाही. बाबा असाल तर हे जास्त तुमच्यासाठी. लेकीला त्या पहाटे पाळी आली होती आणि तिने मला सांगितलं नव्हतं. संकोच. वर पहाटे रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेतली होती, तेही नाही सांगितलं. चूक तिची नाही. आमच्या घरात हा विषय माझ्यासमोर निघतच नसे. निघण्याआधी आठवडाभर बोलून घ्या. तारीख जवळ असेल तर काय सोबत ठेवायचं, त्रास वाढला तर कुठे थांबायचं, कुणाला सांगायचं. लांब धावण्याआधी वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत, मूत्रपिंडांवर ताण येतो, डॉक्टरांना विचारूनच. पाळीत धावू नये असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफने २००२ मध्ये शिकागो मॅरेथॉनमध्ये २:१७:१८ चा तेव्हाचा विश्वविक्रम केला तेव्हा तिची पाळी सुरू होती आणि शेवटच्या टप्प्यात पोटात कळा येत होत्या, हे तिने स्वतःच सांगितलंय. हे लेकीला मी नंतर सांगितलं. आधी सांगायला हवं होतं.

याच विषयातलं आणखी एक, प्रशिक्षकांवरचा माझा जुना राग. सराव वाढला आणि मुलीची पाळी महिनोन्‌महिने आली नाही, तर 'शरीर तयार होतंय' असं सांगणारे लोक भेटतात. तसं नसतं. शरीराला लागते तेवढी ऊर्जा खाण्यातून मिळत नाही याची ती खूण असू शकते, आणि त्यात हाडंही कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नावही दिलं. मी डॉक्टर नाही, प्रशिक्षक तर नाहीच. असं काही असेल तर शर्यतीचा विचार नंतर, आधी तपासणी.

तंबूतल्या डॉक्टरांनी लेकीला पहिला प्रश्न काय विचारला असेल? "पाणी किती प्यायलीस?" कारण मीच तिला बजावलं होतं, प्रत्येक टेबलावर थांब आणि पी, तहान नसली तरी. तेही चूकच. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी निघालं होतं, आणि त्यात मोठा वाटा पाणी जास्त पिण्याचा. तिचं तसं काही निघालं नाही, नशीब. पण तेव्हापासून आमच्याकडे नियम एकच, तहान लागली की प्यायचं.

निकालाची गंमत राहिलीच. माझ्या नावापुढे डीएनएफ (म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही), आणि लेक १८ वर्षांखालील मुलींमध्ये तिसरी! प्रमाणपत्रही आलं. ती म्हणाली, बाबा, हे रद्द करून घ्या, चौथ्या आलेल्या मुलीचं आहे ते. आयोजकांच्या कार्यालयाला मी मेल केला. पहिल्याला यांत्रिक पोच, दुसऱ्याला काहीच नाही, तिसऱ्याला 'निकाल अंतिम आहेत'. आपलं बक्षीस परत घ्या म्हणून कुणाला गयावया कराव्या लागल्या असतील तर त्या मला. चौथ्या मेलनंतर दोघांनाही बाद केलं. बरोबर केलं.

हां, हॉटेल. स्टार्टजवळ. पहाटे रस्ते बंद असतात, गाडी कुठे सोडेल याचा भरवसा नसतो, आणि मुलीचं टेन्शन तेव्हाच सगळ्यात जास्त असतं. फिनिशपासून परत यायला उशीर झाला तर कुणाचं काही बिघडत नाही. फक्त खोली रविवारी दुपारपर्यंत ठेवता येईल का ते आधी विचारून घ्या, आंघोळ न करता परतीचा प्रवास आम्ही एकदा केलाय. बिब शनिवारी कितीपर्यंत मिळतं आणि पालकाची सही असलेलं संमतिपत्र, दोघांची मूळ ओळखपत्रं लागतात का, तेही बघा. काही ठिकाणी रविवारी सकाळी बिब देतच नाहीत.

आम्ही अजून जातो. ती आता १९ ची आहे, आणि शर्यतीच्या पहाटे खोलीतले सगळे दिवे लावून माझ्या छातीवरचा नंबर मलाच मोठ्याने वाचायला लावते.