ग्रँड पियानोचं एक चाक तुटलंय, सांगलीत बदली चाक कोणतं घेऊ?

एकच नको, तिन्ही बदला. नाहीतर पियानो एकीकडे कलतो.

हार्डवेअरच्या दुकानातली ट्रॉलीची चाकं बघून भुलू नका. लहान ग्रँडसुद्धा 250 किलोच्या आसपास भरतो, मोठा 450च्या वर. ढकलताना फरशीच्या सांध्यात चाक अडकलं की सगळा झटका त्या एका पायावर येतो. म्हणून चाकाची क्षमता पियानोच्या निम्म्या वजनाइतकी तरी हवी.

जुनं चाक काढून त्याच्या खुंटीची, म्हणजे पायात घुसणाऱ्या दांड्याची, जाडी-लांबी व्हर्नियरनं मोजा. त्याहून महत्त्वाची एकूण उंची, जी सगळे विसरतात. मी दोन सेंटीमीटर उंच चाकं बसवली, तर पेडल इतकं वर गेलं की टाच जमिनीला टेकेना! शेवटी चाकांखालच्या वाट्या काढल्या तेव्हा कुठं जमलं.

खुंटी पायात सैल बसत असेल तर कागद कोंबू नका, लेथवाल्याकडून पितळी बुश, म्हणजे खुंटीभोवती बसणारी नळी, करून घ्या. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे काम होणार नाही, तिथं तंतुवाद्यं. पियानो उचलायला मात्र चार-पाच माणसं हवीत, आणि पाय काढण्याआधी खाली भक्कम टेकू. जॅक थेट लाकडाला लावू नका, मध्ये जाड फळी ठेवा.