मुक्या मारानंतर कामावर रुजू होताना

चि. यास,
सप्रेम आशीर्वाद.

सीटी स्कॅनमध्ये काही निघाले नाही, म्हणून घरचे आणि कारखान्यातले सगळे तुला बरा झालेला समजतात, आणि तू मात्र रोज कामात कुठे ना कुठे अडखळतोस, असे तू लिहिले आहेस. मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, कवटीला तडा गेला आहे का, हे पाहण्यासाठी तो स्कॅन मुख्यतः काढतात. डॉक्टर ज्याला कन्कशन म्हणतात त्या मुक्या मारात मेंदूच्या कामात काही काळ जो बिघाड होतो, तो त्या चित्रात सहसा उमटत नाही. तेव्हा अहवालही खरा आणि तुझी तक्रारही खरी. बहुतेक प्रौढ माणसे काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सावरतात. काहींना त्याहून अधिक वेळ लागतो.

पिरनवाडीच्या पुढे गाडी घसरली तो प्रसंग आठवत नाही, याचा फार विचार करू नकोस. तेवढा तुकडा कदाचित कधीच आठवणार नाही, आणि त्यावाचून तुझे काही अडणारही नाही. लक्ष द्यायला हवे ते आजच्या विसरण्याकडे. व्हर्नियर या मोजपट्टीवर वाचलेले माप रजिस्टरपर्यंत जाईतो निसटते, आणि मध्येच कोणी हाक मारली की हातातले कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कोणत्या हीट नंबरचे, म्हणजे भट्टीतल्या कोणत्या ओतणीचे होते, तेही सांगता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे इथे दोष साठवणीत कमी आणि अवधानात जास्त आहे. जे नीट नोंदलेच गेले नाही, ते आठवायचा कितीही प्रयत्न केलास तरी डोके दुखण्यापलीकडे काही हाती लागणार नाही.

म्हणून माप आणि नोंद यांच्यात अंतरच ठेवू नकोस. जॉब कार्ड पॅडला लावून गेजच्या टेबलावरच ठेव, आकडा एकेक अंक करून मोठ्याने वाच आणि व्हर्नियर खाली ठेवण्याआधी लिही. हीट नंबर कास्टिंगवरूनच वाचून उतरवायचा, आठवणीतून कधीच नाही. कोणी हाक मारली तर हात वर करून “एवढे लिहून येतो” म्हणावे. यात उद्धटपणा काही नाही. सुट्या चिठ्ठ्या मात्र बंद कर. खिशात मावेल अशी एकच वही ठेव, तिच्यात पाळीगणिक नवे पान घाल आणि पाळी संपताना अर्धवट राहिलेले काम त्याच पानाच्या तळाशी लिही.

तोंडी सूचनांचा प्रश्न आपल्या भागात जरा वेगळा आहे. मॅनेजर कन्नडमध्ये सांगतात, ड्रॉइंग इंग्रजीत असते, भट्टीवरची मुले हिंदी बोलतात आणि तू मनातल्या मनात मराठीत हिशेब करतोस. एरवी हे इतके अंगवळणी पडलेले असते की त्याला कष्ट पडतात हेच कुणाला जाणवत नाही. थकलेल्या मेंदूला मात्र ते जाणवतात. सूचना ऐकली की “म्हणजे आधी पंपाची बॉडी, मग ब्रॅकेट, असेच ना?” असे उलट विचारून घे आणि आपल्या भाषेत टिपून ठेव. बेळगावात भाषेचा विषय निघाला की चार कान टवकारतात, म्हणून तो विषयच काढू नकोस. “डोक्याला मार लागलाय, जरा सावकाश सांगा” एवढे पुरते.

सुपरवायझरांपासून हे लपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चुकीचा हीट नंबर पडून माल गेला तर ग्राहक अख्खा लॉट परत पाठवू शकतो, आणि मग आजाराचे कारण कोणी ऐकून घेणार नाही. मात्र “मला काही आठवत नाही” असे मोघम सांगून त्यांना घाबरवूही नकोस. “मोजमाप मी करतो, पण डिस्पॅचआधीची शेवटची तपासणी आणखी काही आठवडे दुसऱ्याच्या सहीने जाऊ द्या, रात्रपाळी तूर्त नको, बारकाईचे काम सकाळी द्या आणि बसायची जागा फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करण्याच्या, आवाजापासून लांब द्या,” असे नेमके मागितले की माणसे सहसा मान्य करतात. क्रेन, भट्टी आणि दुचाकी यांना डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय हात लावायचा नाही. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर तो फार महागात पडतो.

ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, कार्ड असेल तर अपघाताची नोंद झाली आहे का, हे आजच पाहा. कामावर जाता-येताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवता आला तर, नोकरीतली इजा धरण्याची तरतूद २०१० सालच्या दुरुस्तीने झाली आहे, आणि अशा इजेमुळे तात्पुरते काम बंद राहिले तर सरासरी वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो.

अंधाऱ्या खोलीत महिनाभर पडून राहण्याचा सल्ला आता डॉक्टर देत नाहीत; पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू हालचाल, अशी आजची पद्धत आहे. सकाळी व्हॅक्सिन डेपोवर चालून ये आणि डोकेदुखी वाढू लागली की तिथेच थांब. झोपेची वेळ मोडू नकोस, दारू पूर्ण बंद ठेव. आजी देतात ते बदाम खुशाल खा, पण त्यांच्या भरवशावर राहू नकोस. रोज वेदनाशामक गोळी घेतल्याने डोकेदुखी उलट चिकटून राहू शकते. मन खचले असेल तर तेही डॉक्टरांना सांग, कारण उदासीने आणि काळजीनेही लक्ष उडते. तीन महिन्यांनंतरही फरक पडला नाही, तर स्मरण आणि अवधान यांची रीतसर चाचणी करून मागावी. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या रुग्णालयात तशी सोय आहे. डोकेदुखी एकसारखी वाढू लागली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, बोलणे अडखळले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, तर मात्र पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठायचे.

पुढच्या तपासणीपर्यंत वहीत आणखी एक नोंद ठेव: चूक कोणत्या वेळी झाली, आदल्या रात्री झोप किती झाली आणि तेव्हा आजूबाजूला आवाज होता का. ती पाने डॉक्टरांना दाखव, आणि आईला सोबत ने, म्हणजे ते सांगतील ते ऐकायला दोघे असाल.

कळावे,
तुझा काका