‘कपाळ मंद आचेवर तापवा’

प्रश्न : ‘पान्ना’ म्हणजे इटालियनमध्ये साय, पोलिशमध्ये लग्न न झालेली मुलगी आणि स्वीडिशमध्ये म्हणे कपाळ! एकाच शब्दाला इतके अर्थ कसे फुटले?

उत्तर : फुटले नाहीत. हे वेगवेगळे शब्द आहेत, तोंडवळा तेवढा सारखा.

इटालियन पान्नाचं मूळ बहुधा ‘पान्नो’, म्हणजे कापड. दुधावर साय धरते ती पांघरुणासारखीच. (कापडावरून आपला ‘पन्हा’ आठवला असेल तर सोडून द्या, तो फारसीतून आलाय.) पोलिश पान्ना ‘पान’च्या घरातली. पान म्हणजे श्रीयुत, पानी म्हणजे बाई. कन्या राशीलाही तिथे पान्नाच म्हणतात. आणि गंमत म्हणजे नवरीलासुद्धा, ‘पान्ना म्वोदा’.

खरी मजा स्वीडिशची. एकदा एका स्वीडिश पाककृतीचं भाषांतर करताना मी कोश उघडला, पहिला दिसला तो अर्थ उचलला आणि लिहून मोकळा झालो : ‘कपाळ मंद आचेवर तापवा.’ संपादकबाईंनी समासात लाल पेनाने एवढंच विचारलं, ‘कुणाचं?’

तिथे पान्ना म्हणजे आधी पसरट भांडं. मध्ययुगात उत्तर जर्मनीकडच्या बोलीतून हा शब्द स्वीडिशमध्ये आला. मेंदूचं भांडं म्हणून कवटी आणि कवटीची पुढची बाजू म्हणून कपाळ, असा तो सरकत गेला. आजही दोन्ही अर्थ सुखाने नांदतात : ‘स्टेकपान्ना’ म्हणजे फ्राइंग पॅन, ‘पान्नबेन’ म्हणजे कपाळाचं हाड.

हसू येत असेल तर आधी आपलं कपाळ चाचपून पाहा. संस्कृत ‘कपाल’ म्हणजे कवटी, पण वाडगा आणि खापरही. यज्ञातला पुरोडाश, म्हणजे आहुतीसाठीची पिठाची भाकरी, भाजायचे ती मातीच्या कपालांवरच! फ्रेंचांचं डोकं, ‘तेत’, लॅटिन ‘तेस्ता’तून आलं, तेस्ता म्हणजे मातीचं भांडं. जर्मनांचं ‘कोप्फ’ तर पूर्वी चक्क पेला होतं. या शब्दांचं एकमेकांशी नातं नाही. डोक्याकडे बघून भांडं आठवायची खोड मात्र सगळ्यांना स्वतंत्रपणे लागलेली दिसते.

म्हणजे माझं वाक्य अगदीच चुकलं नव्हतं, वैदिक काळात खपलं असतं. संपादकबाईंना तसं सांगूनही पाहिलं. त्यांनी ‘तवा’ करून घेतलाच.