दारू सुटल्यावरही सभेला का जायचे?

प्रश्न : माझ्या यजमानांची दारू सुटून आठ महिने झाले. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यापासून ते आठवड्यातून तीन संध्याकाळी ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जातात. ‘आता पीत नाही, तर दारुड्यांच्याच घोळक्यात बसायचे कशाला?’ असे सासूबाई विचारतात आणि मला उत्तर सुचत नाही. ही पद्धत मुळात सुरू तरी कशी झाली?
– एक भगिनी, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : सासूबाईंच्या शंकेचे उत्तर या चळवळीच्या जन्मकथेतच आहे. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेला आणि दारूपायी सगळे गमावून बसलेला बिल विल्सन डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयातून बाहेर पडला, तो पुन्हा कधी प्यायला नाही. पुढचे काही महिने तो भेटेल त्या दारुड्याला सुधारायला धावत होता. सुधारला एकही नाही. पण या धडपडीत तू स्वतः मात्र प्यायला नाहीस, हे त्याची पत्नी लुईस हिने त्याच्या लक्षात आणून दिले. मला तर या चळवळीचे बीज त्या बाईच्या या बोलण्यातच दिसते.

मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामासाठी तो ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात गेला आणि ते काम फसले. हॉटेलात एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. आपण आता पिणार, ही भीती मनात दाटली तेव्हा तो टेलिफोनकडे वळला आणि कोणा दारुड्याशी बोलायला मिळावे म्हणून त्याने एका पाद्र्याला फोन लावला. त्या धाग्यावरून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसणार नाही, असे बजावून आलेले डॉक्टर सहा तासांच्या वर बोलत राहिले. दारूचे दुष्परिणाम त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते; पण समोरचा माणूस उपदेश न करता स्वतःची घसरण सांगतो आहे आणि आपल्याशी बोलणे ही त्याचीच गरज आहे, हे त्यांना नवे होते. त्यानंतर ते एकदा घसरले. मग १० जून १९३५ रोजी, शस्त्रक्रियेच्या दिवशी, त्यांचा हात थरथरू नये म्हणून बिलनेच त्यांना बिअरची एक बाटली दिली. ती त्यांची शेवटची. तोच दिवस ए.ए.चा स्थापनादिन मानतात.

तेव्हा सासूबाईंना सांगा की, यजमान त्या खोलीत आपली हकीगत सांगतात ती जितकी नव्याने आलेल्यासाठी, तितकीच स्वतःची आजची संध्याकाळ दारूवाचून जावी म्हणून. आठ महिने झाले, आता पुरे, असा आग्रह कृपया घरातून होऊ देऊ नका. काही सभा खुल्या असतात. तशी सभा कधी आहे ते यजमानांना विचारून सासूबाईंना एकदा बरोबर घेऊन जा. तुमच्यासाठीही वेगळी सोय आहे : व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी लुईसनेच पुढाकार घेऊन १९५१ मध्ये सुरू केलेली अल-ॲनॉन. तिथे यजमानांविषयी कमी आणि तुमच्याविषयी अधिक बोलणे होईल.