पोर्ट फॉरवर्ड करूनही बाहेरून एसएसएच लागत नाही? आधी राउटरचा वॅन आयपी बघा

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यापाशी अडकलो. "सध्या फायरवॉल बंद ठेवलंय आणि पासवर्ड लॉगिन चालू केलंय, म्हणजे घोळ कुठे आहे ते कळेल." चार वर्षांपूर्वी कासारवडवलीच्या घरात रात्री साडेबाराला मीही स्वतःला हेच सांगितलं होतं. पुढचं नंतर वाचा, आधी ते दोन्ही पूर्ववत करून या.

तुमची स्थिती मला समजली ती अशी. ऐरोलीच्या घरी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, घरच्या वायफायवर एसएसएच (नेटवरून दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) लगेच लागतं, राउटरमध्ये पोर्ट २२ फॉरवर्ड केलंय (म्हणजे बाहेरून त्या दारावर आलेलं लॅपटॉपकडे पाठवायला सांगितलंय) आणि महापेच्या ऑफिसातून लावलं की बराच वेळ थांबून 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं. घरातून लागतंय म्हणजे सर्व्हिस, लॉगिनची 'की' (पासवर्डऐवजी चालणारी फाइल), परवानग्या सगळं जागेवर आहे, त्यात शिरत नाही.

'रिफ्यूज्ड' आलं असतं तर मी वेगळं काही सांगितलं असतं. तेव्हा निदान दारापर्यंत पोचून कोणीतरी आतून नाही म्हटलेलं असतं. 'टाइम्ड आउट' म्हणजे कडी वाजवली ती कुणाला ऐकूच गेली नाही. ती कुठे विरली हे शोधायला फायरवॉल बंद करावं लागत नाही. लॅपटॉपवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावून पोर्ट २२ वर नजर ठेवा आणि ऑफिसातून नव्हे, मोबाइल डेटावरून कनेक्ट करून बघा (बरीच ऑफिसं बाहेर जाणारं पोर्ट २२ स्वतःच अडवतात). टीसीपीडंपला पॅकेट फायरवॉलच्या आधी दिसतं. स्क्रीनवर एकही ओळ उमटली नाही तर लॅपटॉप निर्दोष आहे, त्याला छळू नका.

मग राउटरच्या स्टेटस पानावर जाऊन वॅन आयपी (राउटरला नेट कंपनीने दिलेला पत्ता) बघा आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या कुठल्याही साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, आणि २०१२ मध्ये हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला: एकच पब्लिक पत्ता कंपनीने कितीतरी घरांत वाटून द्यायचा. तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग तुमच्या राउटरपुरतं. त्याच्या वर कंपनीचा आणखी एक राउटर बसलाय आणि त्याला तुमच्या पोर्ट २२ चं काही सोयरसुतक नाही. काही ठिकाणी १० ने सुरू होणारा पत्ताही देतात, अर्थ तोच.

हे मला कळायला तीन आठवडे गेले, कारण मी आमच्या नेटवाल्यांच्या ऑफिसवर विश्वास ठेवला. नाव घेत नाही, उपयोगही नाही. एका दुकानाच्या माळ्यावर टेबल, एक मुलगा, तीन फोन. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, पब्लिक आयपी आहे का? तो म्हणाला, "सर, व्हॉट्सॲप चालतंय ना? मग नेट ओके आहे." दुसऱ्या खेपेला राउटर रीसेट करायला सांगितलं, त्यात माझं सगळं सेटिंग गेलं. तिसऱ्यांदा माणूस घरी आला, राउटर बदलला, त्याचे पैसे घेतले आणि स्पीड टेस्ट दाखवून गेला. चौथ्या वेळी तक्रार नंबर मागितला तर "सिस्टिम डाउन आहे". हो किंवा नाही एवढ्याच उत्तराचा प्रश्न होता हो!

या तीन आठवड्यांत मी घरी काय करत होतो? एकेक कुलूप काढत होतो. आधी फायरवॉल गेलं. मग कीचा घोळ असेल म्हणून पासवर्ड लॉगिन चालू केलं. मग माझ्या अकाउंटचा घोळ असेल म्हणून 'टेस्ट' नावाचा यूजर केला, पासवर्डही 'टेस्ट'. तेव्हा काहीच झालं नाही, कारण बाहेरून कुणी पोचूच शकत नव्हतं. नंतर कुणीतरी स्टॅटिक आयपी (कायमचा, फक्त आपला पब्लिक पत्ता) घ्या म्हणालं. वर्षाचे पैसे आगाऊ भरले आणि एका शुक्रवारी संध्याकाळी तो चालू झाला. फोनवरून एसएसएच लावलं, लागलं. श्रीखंड आणलं.

सोमवारी संध्याकाळी बायको म्हणाली, "तुझा लॅपटॉप मिक्सरसारखा का ओरडतोय?" टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर सिस्टिमचंच वाटावं अशा नावाचा एक प्रोसेस चारही कोअर खात बसला होता, मालक 'टेस्ट'. लॉग उघडला तर शुक्रवारी रात्रीपासून ॲडमिन, ओरॅकल, पाय अशा नावांनी हजारो प्रयत्न, आणि मधेच एक ओळ, 'ॲक्सेप्टेड पासवर्ड फॉर टेस्ट'. कुणी माझ्या विजेवर क्रिप्टो नाणी खोदत होतं.

लॅपटॉप फॉरमॅट करून भागलं असतं. पण त्याच लॅपटॉपवर आमच्या क्लायंटांच्या सर्व्हरची प्रायव्हेट की पडलेली होती, तीही पासफ्रेजशिवाय (म्हणजे कीवर पासवर्डच नाही). ती कुणी उचलली की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. साहेबांना सांगावं लागलं आणि अकरा सर्व्हरवरच्या किया बदलाव्या लागल्या. त्या मीटिंगबद्दल लिहीत नाही.

तर माझं मत (मी नेटवर्क इंजिनिअर नाही, अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टमध्ये आहे, तेव्हा जाणकारांनी खुशाल दुरुस्त करावं): स्टॅटिक आयपीच्या मागे लागू नका. सगळ्यात छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या आणि लॅपटॉपलाच आतून बाहेर फोन करू द्या. म्हणजे रिव्हर्स टनेल. लॅपटॉपवरून एसएसएच मायनस एन मायनस आर (अक्षरं कॅपिटल), पुढे २२२२ कोलन लोकलहोस्ट कोलन २२, आणि शेवटी सर्व्हरचा पत्ता. ऑफिसातून मायनस जे (हेही कॅपिटल) वापरून त्या सर्व्हरवर टप्पा घ्यायचा आणि तिथून लोकलहोस्टच्या २२२२ वर. ते पोर्ट मुळात सर्व्हरच्या आतल्या आतच उघडतं, गेटवेपोर्ट्स हे सेटिंग चालू करून ते जगाला दाखवू नका. ऑफिसात २२ अडवलेलं असेल तर अर्थात सर्व्हरपर्यंतही पोचणार नाही, ते आयटीवाल्यांना विचारूनच सोडवा. टेलस्केलनेही (मशीनं आपसात जोडणारी तयार व्हीपीएन सेवा) हे काम होतं आणि सोपं जातं, पण मला आपलं साधं एसएसएच बरं वाटतं. आवडीचा भाग.

दोन ठिकाणी माझी टनेल मान टाकायची. एक, 'एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर' हे एसएसएचचं सेटिंग चालू नसेल तर पोर्ट मिळालं नाही तरी कनेक्शन जिवंत दिसतं आणि आपण दिवसभर फसतो. दोन, लाइट जाऊन राउटर बंद पडला की सर्व्हरवर जुनं मेलेलं सेशन २२२२ अडवून बसतं. म्हणून लॅपटॉपकडे 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' (किती वेळाने हाक मारायची) ३० सेकंद आणि सर्व्हरकडे 'क्लायंट अलाइव्ह इंटरव्हल' तेवढंच ठेवा. तीन हाका अनुत्तरित गेल्या की दीड मिनिटात दोन्ही बाजू हात सोडतात, मग सिस्टिमडी (उबुंटूत सर्व्हिस चालू ठेवणारी व्यवस्था) पुन्हा जोडून देतं. राउटरला छोटा यूपीएस लावा, आणि लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर तो झोपणार नाही हे बघा. मी दोन दिवस टनेलला शिव्या दिल्या, आणि मुलीने टेबल आवरताना झाकण मिटलेलं होतं.

अवांतर: सेशन गोठलं तर खिडकी मारू नका. एंटर, टिल्ड, टिंब, एवढ्याने सुटतं. आणि काम टीमक्समध्येच (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) करा, पुण्याला जाताना कर्जतच्या पुढे बोगदे लागले की कळेल का ते.

वॅन आयपीचे पहिले दोन आकडे इथे टाका, मग बघू. पूर्ण पत्ता टाकू नका. आणि 'टेस्ट' नावाचा यूजर केला असेल तर आत्ताच उडवा.