धरतात, पण कुणाचं, ते आधी बघ

तुझा प्रश्न मावसभावानं पाठवला. कॅनडात दोन वर्षांचा डिप्लोमा करायचा, मग मिळणाऱ्या वर्क परमिटवर काम करायचं, तर ते काम पीआरला, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्याला, धरतात का? आणि एजंट म्हणतो, ‘काम म्हणजे काम, काहीही चालतं’, हे खरं का? तू २९चा, चिंचोली एमआयडीसीत नोकरी, बायको बी.एड., मुलगी तीन वर्षांची. एवढं वाचलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही. २०१७ साली जुळे सोलापुरातून निघालो तेव्हा मी ३१चा होतो, तुझी वहिनी शाळेत शिकवत होती आणि पोरगा दुसरीत होता.

फी किती, खात्यावर पैसे किती दाखवायचे, अर्ज कुठे भरायचा, हे सगळं सरकारी साइटवर आहे. ते मी सांगत बसत नाही.

धरतात. पण एजंटचं ‘काहीही’ खोटं आहे. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुण लावून पीआरला बोलावायच्या सरकारी पद्धतीत, कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास म्हणून जो मार्ग आहे, त्याला मागच्या तीन वर्षांतलं एक वर्षाचं काम लागतं, म्हणजे १,५६० तास. आठवड्याला ३० तासच मोजतात. साठ-साठ तास राबून सहा महिन्यांत वर्ष उरकता येत नाही. सलग नसलं तरी चालतं. पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम शून्य, कॉलेजनंच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लावून दिलेलं काम (को-ऑप) असलं तरी. स्वतःचा धंदाही शून्य. आणि काम टीअर ०, १, २, ३ यांतलं पाहिजे. टीअर म्हणजे कौशल्यानुसार सरकारनं पाडलेले कामांचे वर्ग. सुपरवायझर, कुक, ऑफिसातला असिस्टंट हे चालतात. काउंटरवर कॉफी देणारा आणि दुकानात माल विकणारा चालत नाही.

मी काउंटरवर होतो. सतरा महिने.

डिप्लोमा २०१९च्या उन्हाळ्यात संपला, तीन वर्षांचं परमिट हातात आलं. हे आयुष्यात एकदाच मिळतं, दुसरा डिप्लोमा केला म्हणून दुसरं मिळत नाही. मला वाटलं, तीन वर्षं म्हणजे पुष्कळ. अंगावर कर्ज होतं, म्हणून पहिलं मिळालं ते काम धरलं. तेव्हा टीअर नव्हतं, शून्य, ए, बी, सी, डी असे वर्ग होते, आणि माझं काम डीमधलं. हे मला वर्षभरानं एका गुजराती पोरानं सांगितलं, शिफ्ट संपवून बसची वाट बघताना. मार्च २०२१मध्ये सुपरवायझर झालो, तिथून माझं मीटर सुरू झालं.

पत्राचं आता सांगतोच, कारण डोक्यातून जात नाही. अनुभव सिद्ध करायला मालकाचं पत्र लागतं: हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि तू रोज नक्की काय करत होतास ते. माझ्या मॅनेजरनं दोन ओळी दिल्या, ‘हा इथे काम करतो, चांगला माणूस आहे.’ चांगला माणूस घेऊन काय करू? वरच्या ऑफिसला लिहिलं तर ते म्हणाले, आमच्या नमुन्यात कामाचं वर्णन बसत नाही. शेवटी मीच लिहिलं आणि सहीसाठी पाच आठवडे मागे फिरलो. माझे आजोबा सोलापूरच्या ‘जुनी मिल’मध्ये होते. मिल बंद पडल्यावर आपण तिथं होतो हे सिद्ध करायला ते हजेरीचा उतारा मागत असेच फिरले होते, हे लहानपणापासून ऐकत आलोय. तेव्हा पगाराच्या पावत्या पहिल्या दिवसापासून ठेव, आणि कामाचं वर्णन सरकारी यादीतून जसंच्या तसं उतरवू नकोस.

पण झोप गेली ती या पत्रानं नाही. तुझ्या निरोपातल्या ‘बायको बी.एड.’ या दोन शब्दांनी.

तुझी वहिनी जानेवारी २०१८मध्ये आली, माझ्या शिक्षणावर मिळालेल्या ओपन परमिटवर, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करता येतं अशा परवान्यावर. मेडिकल केलेलं नसल्यानं त्या परमिटवर लिहून आलं की लहान मुलांच्या ठिकाणी काम करायचं नाही. मग ठरावीक यादीतल्या डॉक्टरकडे तपासणी, परत अर्ज, परत फी. एप्रिलपासून ती एका पाळणाघरात मदतनीस म्हणून लागली, पूर्णवेळ. हे काम बी वर्गातलं, आताच्या हिशेबात टीअर २. आणि ती विद्यार्थी नव्हती. मी वर्गात बसून जे तास घालवत होतो, तेच तिचे तास मोजले जात होते. एप्रिल २०१९मध्ये तिचं वर्ष पूर्ण झालं, तेव्हा माझी परीक्षासुद्धा संपली नव्हती.

नवरा-बायकोत अर्ज कुणाच्याही नावानं करता येतो. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, आणि एक्स्प्रेस एंट्रीत तिशीनंतर दर वर्षी गुण कापले जातात. इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा चांगलं. पण आम्ही हिशेब मांडला तो माझाच. शिकायला मी आलो, कर्ज माझ्या नावावर, मग अर्जही माझ्या नावावर, एवढंच माझं शास्त्र.

त्यात आणखी एक झालं. माझं शिक्षण संपल्यावर तिचं परमिट पुढं चालू ठेवायचं तर मी वरच्या वर्गातलं काम करत असायला हवं होतं. मी काउंटरवर. नोव्हेंबर २०१९ला तिचं परमिट संपलं आणि ती व्हिजिटर म्हणून घरी बसली. दीड वर्ष. त्यात कोविड.

१३ फेब्रुवारी २०२१. त्या दिवशी कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लाससाठी कटऑफ फक्त ७५ गुणांवर आला आणि २७,३३२ लोकांना एका फटक्यात बोलावणं गेलं. एरवी चारशेच्या वर असतो. आमच्या इमारतीतल्या दोन घरांत पेढे वाटले. माझं मोजण्यासारखं काम सुरूही झालं नव्हतं. तुझ्या वहिनीनं चहा ढवळत विचारलं, ‘माझे किती झाले असते हो?’ मी म्हणालो, ‘तुझं कशाला बघायचं?’

तिचं तेव्हा एक वर्ष सात महिने जमा होतं, सगळं मागच्या तीन वर्षांतलं. इंग्रजीची परीक्षा देऊन फाइल टाकून ठेवली असती, तर झालं असतं. मी हे मे महिन्यात कागदावर मांडून पाहिलं आणि तो कागद फाडला. तिला सांगितलं त्यानंतर वर्षभरानं. तोवर या क्लासचे ड्रॉच, म्हणजे बोलावण्याच्या फेऱ्याच, बंद पडल्या होत्या, सप्टेंबर २०२१पासून जुलै २०२२पर्यंत. माझं परमिट संपत आलं होतं, ते एका खास सवलतीनं वाढलं म्हणून राहिलो. शेवटी २०२३मध्ये बोलावणं आलं, तिच्याच नावानं. ती पुन्हा पाळणाघरात लागली होती. अर्जावर मी ‘सोबतचा जोडीदार’.

एकटेपणाचं लोक फार लिहितात. येतो आणि जातो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत, घरून नंदीध्वजांचे व्हिडिओ आले की जरा जास्त. मला सलतं ते पोराचं. इथे वयाप्रमाणे वर्गात बसवतात. वीसपर्यंत पाढे म्हणणारं पोर मुकं होऊन बसलं. बाई म्हणाल्या, घरी इंग्रजीतच बोला. आम्ही शहाण्यासारखं ऐकलं. आता तो आजीशी फोनवर दोन वाक्यांपुढे जात नाही, तिसऱ्याला फोन माझ्या हातात देतो. तू ऐकू नकोस.

आता तुझ्यापुरतं. नोव्हेंबर २०२४पासून डिप्लोमावाल्यांना नंतरचं परमिट ठरावीक विषयांतच मिळतं. डिग्रीला ती अट नाही. बायकोला ओपन परमिटही जानेवारी २०२५पासून डिप्लोमावर मिळत नाही. मास्टर्स असेल आणि ते १६ महिने किंवा जास्त असेल, तर मिळतं. मास्टर्स दोन वर्षांपेक्षा छोटं असलं तरी नंतरचं परमिट तीन वर्षांचं. नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च २०२५मध्ये काढून टाकले, तेव्हा ऑफर लेटर विकत देणारा भेटला तर पैसे देऊ नकोस. आणि २०२५पासून शिक्षण क्षेत्रासाठी वेगळी निवड सुरू झालीय, त्यात पाळणाघरातली कामंही येतात.

म्हणजे तुमच्या घरात शिकायला नक्की कुणी यायचं, हेच आधी ठरवायला पाहिजे. कदाचित बायकोनं मास्टर्सला यावं आणि तू तिच्या परमिटवर. हे वाक्य वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल तर ती मी ओळखतो.

रविवारी तुमच्याकडे संध्याकाळी सातला फोन कर. बायकोला शेजारी बसव, तिची मार्कशीट जवळ ठेव. तुझी वहिनी बोलेल. तिच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे, २०१८पासूनचे तास तारीखवार. ती वही मला २०२२मध्ये पहिल्यांदा दिसली.