वेलनेस ऑफिसमधली असिस्टंटशिप घ्यावी का?

पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला अमेरिकेत प्रवेश मिळालाय, कॅम्पसचं वेलनेस ऑफिस ग्रॅज्युएट असिस्टंटशिपही (शिकता शिकता करायचं अर्धवेळ काम, बदल्यात फीमाफी आणि स्टायपेंड) देतंय. पण मानसशास्त्र शिकलेलो नाही, मुलांचं समुपदेशन कसं जमणार, असं तुम्ही विचारलंय. मी सध्या हेच काम करते. समुपदेशन तुम्हाला करायचंच नाहीये, त्याला परवानाधारक लोक असतात. आपलं काम त्याच्या अलीकडचं. झोपेवर, दारूवर कार्यशाळा घ्यायच्या, अफूवर्गीय ड्रग्जचा ओव्हरडोस झालेल्याच्या नाकात नॅलोक्सोन या उताऱ्याचा स्प्रे कसा मारायचा ते दाखवायचं, परीक्षेच्या आठवड्यात लायब्ररीबाहेर टेबल मांडून बसायचं.

खरं काम त्या टेबलापाशी होतं. फुकटचे इअरप्लग उचलूनही एखादा मुलगा तिथेच घुटमळतो, पत्रकं चाळतो आणि हळूच म्हणतो, ‘माझ्या रूममेटला झोपच लागत नाही.’ रूममेट बहुतेक वेळा तो स्वतःच असतो. अशा वेळी उपदेश करायचा नाही. ऐकून घ्यायचं, गरज वाटली तर आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारायचं (विचारल्याने ते डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे) आणि नुसता फोन नंबर हातात न देता समुपदेशन केंद्रापर्यंत सोबत जायचं. रात्री-अपरात्रीसाठी 988 ही आत्महत्या-प्रतिबंधाची हेल्पलाइन सांगून ठेवायची.

जड जातं ते वेगळंच. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देता येत नाही. लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली, तर टायटल नाइन (शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाविरुद्धचा अमेरिकी कायदा) कार्यालयाला कळवणं बहुतेक विद्यापीठांत या पदावर बंधनकारक असतं. म्हणून समोरचा मन मोकळं करण्याआधीच हे सांगून टाकायचं, भले तो गप्प होईना का.

आता पैशाचं. ट्यूशन पूर्ण माफ आहे की ठरावीक क्रेडिट्सचीच, इतर फी कोण भरणार, विमा धरलाय का, उन्हाळ्यात स्टायपेंड चालू राहतो का, हे ईमेलवर लेखी घ्या. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं आणि पूर्ण असिस्टंटशिप बहुधा तेवढेच तास खाते, तेव्हा वर कॅफेटेरियात काम करून भागवू असा हिशोब मांडू नका. पहिली 5 कॅलेंडर वर्षं एफ-1 विद्यार्थ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (तिथल्या पेन्शनसाठीचा आणि म्हातारपणीच्या आरोग्यविम्यासाठीचा कर) कापायचं नसतं; पहिली पे-स्लिप आली की तेवढं बघा.